सोलापुरातला सात रस्त्याजवळचा इंग्लिश उच्चारांचा क्लास: व्ही-डब्ल्यू, टी-एच आणि झेडला अडणाऱ्यांनी जरूर जावं

आधीच सांगते, हा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही. ग्रामर पक्कं करायचंय, इंटरव्ह्यूची उत्तरं बसवायचीयत, स्टेजवर भाषण करायचंय, तर दुसरीकडे जा, तसे क्लास नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत भरपूर आहेत. इथे मॅडम फक्त उच्चार घेतात, आणि त्यातही जास्त करून व्यंजनंच. ज्यांना इंग्लिश वाचता-लिहिता येतं, बोलता पण येतं, पण समोरचा परदेशी माणूस दर दोन वाक्यांनी "सॉरी? कम अगेन?" करतो, अशा लोकांसाठी हा क्लास आहे आणि त्यांना मी डोळे झाकून सांगेन की जाच.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एक्स्पोर्ट ऑफिसला मर्चंडायझिंग, म्हणजे परदेशी बायरच्या ऑर्डरी बघते. ईमेलवर काही अडत नाही, पण बायरचा कॉल लागला की अर्धा वेळ तेच तेच परत सांगण्यात जातो, आणि हे माझ्या एकटीचं नाही, आमच्या लाइनमधल्या बऱ्याच जणांचं आहे. ह्याआधी मी शहरातल्याच एका मोठा बोर्ड लावलेल्या क्लासला जाऊन आले होते, तिथे सर एकच सांगायचे, जोरात बोला, कॉन्फिडन्सने बोला, आपोआप येतं. आपोआप नाही येत हो. जोरात बोलल्याने व्हीचा व्ही होत नाही, फक्त चुकीचा आवाज मोठा होतो. तोंडात जीभ कुठे, दात कुठे, हवा कुठून, हे कुणीतरी समोर बसून दाखवावं लागतं आणि ते मला इथे पहिल्यांदा दाखवलं.

मॅडमचं नाव लिहीत नाही, त्यांना ते नकोय. सात रस्त्यावरून रेल्वे लाईन्सकडे निघालं की खाली दवाखाना असलेल्या बिल्डिंगमध्ये वर दोन खोल्या आहेत, तिथे कुणालाही विचारा, सांगतात.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवात आपल्या मराठीपासून होते. पहिल्या दिवशी फळ्यावर एबीसीडी नाही तर क ख ग घ. आपण सगळ्यांनी ती बाराखडी, ती वर्णमाला पाठ केलेली असते, पण ती जिभेच्या जागेनुसार लावलीये हे शाळेत कधी नीट कळलेलंच नसतं. क घशाकडून, च टाळूला, ट जीभ वर वळवून, त दाताला, प ओठांनी, मागून पुढे असा सरळ क्रम. त्यातच कठोर आणि मृदू व्यंजनं, म्हणजे क कठोर, ग मृदू, प कठोर, ब मृदू, घशातून आवाज निघतो की नाही एवढाच फरक. हे एकदा डोक्यात बसलं की मॅडम सांगतात, इंग्लिशमध्ये व्यंजनांची अक्षरं 21 पण आवाज 24, आणि त्यातले बहुतेक आवाज तुम्ही लहानपणापासून काढताय, आपल्याला खरं काम आहे ते मोजक्या पाच-सहा आवाजांवर. हे ऐकून एवढा धीर येतो ना, कारण तोपर्यंत वाटत असतं की आपलं सगळंच इंग्लिश गावठी आहे. तसं नसतं.

आता व्ही आणि डब्ल्यू. ह्यावर मॅडमनी सर्वात भारी काम करून घेतलं म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपला व ह्या दोघांच्या मधला आहे. आपण वारा म्हणतो तेव्हा खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो पण घासत नाही, आणि ओठांचा चंबू पण होत नाही. इंग्लिशच्या व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासून काढायची, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. डब्ल्यूला दातांचा काही संबंधच नाही, ओठ ऊ म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि तिथून पटकन पुढच्या स्वरावर जायचं, ऊ-एस्ट, ऊ-एस्ट, वेस्ट. प्रत्येकाला हातात छोटा आरसा देतात. आरशात दात दिसले तर व्ही, चंबू दिसला तर डब्ल्यू, दोन्ही नाही दिसलं तर तो आपला मराठी व, परत करा. पश्चिमवाला वेस्ट आणि बनियनवाला व्हेस्ट, ओला वेट आणि गुरांचा डॉक्टर व्हेट, असं जोडीजोडीने.

नंतर मॅडमनी प्रत्येकाला आपापल्या कामातले शब्द लिहून आणायला सांगितले. मी शेडकार्ड म्हणजे रंगांचं कार्ड आणि स्पेक शीट म्हणजे मालाच्या मापांचा कागदच घेऊन गेले आणि तेव्हा लक्षात आलं की टॉवेलचा धंदा म्हणजे सगळा व्ही-डब्ल्यूचाच खेळ आहे. वॉर्प, वेफ्ट, विड्थ, वॉफल, व्हाइट हे सगळे डब्ल्यूचे, व्हेलूर व्हीचा, आणि वीव्हिंग, वोव्हन ह्यात तर आधी डब्ल्यू मग व्ही, म्हणजे एकाच शब्दात आधी चंबू आणि लगेच दात ओठावर. मॅडम म्हणाल्या, "अगं ताई, तुला दुसरी एक्सरसाइज शोधायलाच नको, दिवसभर वीव्ह वीव्ह म्हणत बस." आणि रंगांच्या शेडमध्ये वाईन म्हणजे दारूचा लाल आणि कुठल्या बायरने व्हाइन म्हणजे वेलीचा हिरवा असं नाव दिलं तर फोनवर काय गोंधळ होईल विचार करा. वीव्ह मी अजून रोज सकाळी भाकरी थापता थापता म्हणते.

ह्यात एक गोष्ट कुणीच सांगत नाही ती मॅडमनी सांगितली, की आपलं मराठी लिहिणंच ह्यात फसवतं. व्हिडिओ, व्हॅन, व्होटिंग ह्यात व्ह म्हणजे व्ही, पण व्हॉट्सॲप, व्हाइट, व्हील ह्यात तोच व्ह डब्ल्यूसाठी लिहिलेला असतो. त्यामुळे पेपरात वाचून उच्चार ठरवायला गेलं की हमखास उलटं होतं. माझ्या मते ही एक गोष्ट जरी शाळेतल्या शिक्षकांनी पोरांना सांगितली तरी खूप फरक पडेल.

झेडचं पण असंच. आपल्याकडे च आणि ज दोन-दोन प्रकारचे आहेत, चारमधला च वेगळा, चाकातला वेगळा, जेवणातला ज वेगळा आणि जुन्यातला वेगळा, ही आपली मोठी शिदोरी आहे. जुन्यातला ज म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टेकते आणि मग सुटते. झेडला ती जागा तीच, फक्त जीभ टेकवायची नाही, फट ठेवायची. मॅडम काय करायला लावतात, आधी नुसता स्स्स् लांबवायचा, दोन बोटं गळ्यावर ठेवायची, आणि जीभ जराही न हलवता घशातून आवाज सुरू करायचा. बोटांना थरथर लागली की झाला झेड. स्स्स्-झ्झ्झ्-स्स्स्-झ्झ्झ्, सगळा वर्ग एकदम करतो तेव्हा खालच्या दवाखान्यातले पेशंट वर बघत असतात. मग त्याच युक्तीने श वरून व्हिजन, प्लेझर, मेझरमधला तो मधला आवाज काढायचा, जो मराठीत नाहीच आणि आपण सरळ ज ठोकून देतो. स चा झेड, श चा हा, फ चा व्ही, आणि थिनमधल्या टी-एचचा दिसमधला टी-एच, चारही ठिकाणी तोंड तसंच ठेवायचं आणि फक्त घसा चालू करायचा. एक युक्ती आणि चार आवाज. हे ज्या पद्धतीने जोडून शिकवलंय त्याला माझा सलाम आहे.

इथे आमच्या बॅचमधल्या उर्दू बोलणाऱ्या दोघी पोरींना झेड पहिल्या झटक्यात आला, घरात जमीन, जरा, नमाज म्हणताना रोजच वापरतात त्या, मग मॅडमनी त्यांनाच आमच्यासमोर उभं करून शिकवायला लावलं. शहराच्या पूर्व भागातला एक तेलुगू दादा होता, त्याचं वेगळं, तेलुगूत खूप शब्द स्वरावर संपतात म्हणून बस, बुक म्हणताना शेवटी बारीक उ यायचा, त्याला मॅडमनी शेवटचं अक्षर तोंडात धरून ठेवायला शिकवलं. सोलापुरात एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असे चारही असतात आणि प्रत्येकाची अडचण वेगळी असते, हे ओळखून शिकवणारं माणूस मिळणं सोपं नाही.

कानाची तयारी हा क्लासचा खरा गाभा आहे. मॅडम आधी बोलायला लावतच नाहीत. लॅपटॉपवरून जोड्या लावतात, व्हेस्ट ऐकू आला तर उजवा हात, वेस्ट आला तर डावा. सुरुवातीला सगळे अंदाजपंचे हात वर करतात, कारण आपल्या कानाला दोन्ही एकच वाटतात. आवाज पण एकाच माणसाचा नाही, बाई, पुरुष, लहान मूल, लंडनचे, अमेरिकेचे, ऑस्ट्रेलियाचे. मी विचारलं एवढे वेगवेगळे कशाला, तर त्यांनी सांगितलं की जपानी लोकांना इंग्लिशचे आर आणि एल वेगळे ऐकू येत नाहीत, त्यांच्यावर अमेरिकेत अभ्यास झाला, 1991 मध्ये त्याचा पहिला रिपोर्ट आला, आणि त्यात अनेक माणसांचे आवाज ऐकवून कान तयार केला तेव्हा त्यांना फरक ओळखता यायला लागला, आणि पुढच्या अभ्यासात दिसलं की नुसतं ऐकायचं ट्रेनिंग दिलेल्यांचं बोलणं पण सुधारलं. एकाच माणसाचा आवाज ऐकला की आपण त्या माणसाला ओळखायला शिकतो, आवाजाला नाही. हे मला फार पटलं. घरी ऐकायला ह्या सगळ्या जोड्या पेन ड्राइव्हवर देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

प, ट, क बद्दल पण लिहायलाच पाहिजे कारण ह्यात अडचण आहे हेच आपल्याला माहीत नसतं. आपल्याकडे प आणि फ, क आणि ख वेगळी अक्षरं, म्हणून आपला प एकदम स्वच्छ, हवेशिवाय निघतो. इंग्लिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा पी, टी, के हवेच्या फुंकरीसकट येतो आणि ती फुंकर नसेल तर ऐकणाऱ्याला पी चा बी वाटू शकतो, पिन म्हटलं तर बिन. मॅडम टिश्यू पेपरची पट्टी ओठांसमोर धरायला लावतात. पाणी म्हणा, पट्टी हलत नाही. पेन म्हणा, पट्टी उडाली पाहिजे. आणि स्पिन म्हणताना परत हलायला नको, कारण एस नंतर फुंकर नसते. लॅपटॉपवर प्रात नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी बनवलेलं, त्यात आपलाच आवाज रेघांमध्ये दिसतो, ओठ सुटल्यापासून घसा सुरू होईपर्यंत किती मोकळी जागा राहते ते डोळ्यांनी बघता येतं.

आता माझी तक्रार टी-एचबद्दल आहे. टी-एच शिकवतात छान, जिभेचं टोक दातांच्या मधे हलकं ठेवायचं आणि हवा चालू ठेवायची, आपल्या थ सारखं अडवून सोडायचं नाही, थिन, टिन, सिन तिन्ही वेगळे आले पाहिजेत, सगळं बरोबर. पण ह्याला एवढा वेळ देतात की बाकीचं मागं पडतं. जेनिफर जेन्किन्स नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी 2000 साली मांडलंय की वेगवेगळ्या देशांचे लोक एकमेकांशी इंग्लिश बोलतात तेव्हा टी-एच नीट नसला तरी सहसा अडत नाही, पण शब्दाच्या सुरुवातीची ती पी-टी-केची फुंकर नसली तर समजायला अडचण येते. माझे बायर जर्मनीचे पण आहेत, कोरियाचे पण आहेत, त्यांचा स्वतःचाच टी-एच कुठे असतो सरळ. म्हणून मला वाटतं टी-एचचा अर्धा वेळ काढून पी-टी-के आणि शब्दाच्या शेवटाला द्यायला पाहिजे. मॅडमना मी हे सांगितलं, त्या म्हणाल्या, "पोरं विचारतातच टी-एच, त्यांना तोच शिकायचा असतो." बरोबर आहे त्यांचं, विशेषतः ज्यांची परीक्षा आहे त्यांना हवाच असतो, पण ऑफिसवाल्यांसाठी वेगळी बॅच असती तर बरं झालं असतं.

परीक्षेचं निघालंच आहे तर, बॅचमध्ये दोन नर्स होत्या, आयईएलटीएस ह्या इंग्लिशच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या. त्या परीक्षेत बोलण्याची टेस्ट 11 ते 14 मिनिटांची असते आणि मार्कांचे चार निकष असतात, त्यात उच्चार हा एक, म्हणजे पाव वजन. पण तिथे गोऱ्यांसारखा ॲक्सेंट मागत नाहीत, समजलं पाहिजे एवढंच. मॅडम पण ॲक्सेंटच्या मागे लागू नका हे सतत सांगतात आणि त्यासाठी मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. आपला सूर, आपली चाल सोलापूरची राहिली तर राहू दे, फक्त व्हेन म्हणजे शीर असेल तर ती शीरच ऐकू आली पाहिजे. ट आणि ड तर त्या बदलायलाच लावत नाहीत, जीभ किंचित पुढे आणा म्हणतात, न म्हणताना टेकते तिथे, नाही जमलं तर सोडा, समजतं.

शब्दाच्या शेवटाचा धडा मात्र अप्रतिम. शिप्ड असं आपण स्पेलिंग बघून म्हणतो, पण पी कठोर म्हणून त्याच्यामागे ईडी पण कठोर होतो, शिप्ट. तसंच पॅक्ट, चेक्ट. डाइडमध्ये मात्र ड, आणि प्रिंट, निट ह्यांच्यामागे इड. अनेकवचनाचं तेच, कॅट्सला स पण बॅग्झ, सॅम्पल्झ, टॉवेल्झला झेड. हे समजावताना मॅडमनी आठवी-नववीची व्यंजनसंधी काढली, वाक् अधिक विहार, वाग्विहार, मृदू अक्षर शेजारी आलं की कठोर पण मृदू होतं. फक्त तिथे पुढचं अक्षर मागच्याला बदलतं आणि इंग्लिशमध्ये इथे मागचं पुढच्याला. मी शाळेत संधी नुसती घोकली होती, तोंडात काय होतं म्हणून संधी होते हे इथे कळलं. आणि क्लोद्झ, मंथ्स, सिक्स्थ असले जोडाक्षरांचे ढीग आले की घाबरू नका, क्लोद्झमधला टी-एच इंग्लिश बोलणारे स्वतःच खाऊन टाकतात आणि क्लोझ म्हणतात, असं सांगून त्या पुढे जातात.

बाकी गैरसोयी आहेत. सर्वात मोठी म्हणजे आवाज. खिडक्या रस्त्याच्या बाजूला, संध्याकाळी रिक्षा आणि बसचे हॉर्न चालू असतात आणि एफ, टी-एच, एस हे आवाज मुळातच बारीक, नुसत्या हवेचे, ते गोंगाटात सर्वात आधी बुडतात. साध्या फोनवर पण हेच होतं, जुन्या टेलिफोन लाइनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो आणि एस-एफची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो, म्हणूनच आपण कोड सांगताना एस फॉर सोलापूर, एफ फॉर फादर करत बसतो. हे सगळं मॅडमनीच शिकवलं, मग निदान त्या एका खोलीला जाड पडदे तरी लावावेत अशी माझी मनापासून विनंती आहे. आणि शनिवारच्या बॅचला गर्दी जास्त, आरसा घेऊन प्रत्येकाजवळ जायला मॅडमना वेळ पुरत नाही, एकेकाचं तोंड बघितल्याशिवाय हे काम होत नाही. आधीच्या आठवड्यातलं चुकलं तर परत घेत नाहीत, रेकॉर्डिंग पाठवत नाहीत. पार्किंग नाही.

फी महिन्याला 3500 रुपये आहे. सोलापूरच्या मानाने जास्त वाटेल, मला पण पहिल्यांदा वाटली, पण बाकीच्या क्लासला वर्षभर जाऊन जे मिळालं नाही ते इथे मिळालं म्हणून मी पैसे वसूल धरते. आता बायरच्या कॉलवर विड्थ आणि वेफ्ट एकदाच सांगावं लागतं, आमच्या क्यूसीचे, म्हणजे माल तपासणीचे साहेब पण विचारत होते की कुठे जातेस. स्वर आणि शब्दावरचा जोर, म्हणजे थर्टीन-थर्टीचा गोंधळ वगैरे, ह्या कोर्समध्ये नाही, त्याची वेगळी बॅच काढा असं आम्ही सगळ्यांनी मॅडमना सांगितलंय, बघू.

जाणार असाल तर मंगळवार-गुरुवारची बॅच घ्या, ती लहान असते. कानात घालायचे वायरवाले इअरफोन स्वतःचे न्या, क्लासचे एकाआड एक बंद आहेत. लहान आरसा पण घरून नेला तर बरं. चौकशीला संध्याकाळी सहानंतर जा, दिवसा मॅडम शाळेत असतात, आणि संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत त्या भागातून गाडी पुढे सरकत नाही म्हणून क्लास बंद ठेवतात, तेव्हा जानेवारीत ॲडमिशन घ्यायची असेल तर तारीख आधी विचारून घ्या.